हिरव्या दगडाला पिवळा रंग द्यायची घाई

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना सुरूर फाट्याला उजवीकडे वळलं की दोन मिनिटांत हवा बदलते. हायवेचा भगभगीत उजेड मागं पडतो आणि दोन्ही बाजूला वडाची झाडं सुरू होतात, थेट वाईपर्यंत, म्हणजे दहा-बारा किलोमीटर, मधे मधे तुटक आहेत पण जिथं आहेत तिथं अशी की पारंब्या एसटीच्या टपाला घासतील. पुढं हा रस्ता वाईतून बाहेर पडून पसरणी घाट चढतो, पाचगणी, महाबळेश्वर करतो आणि मग आंबेनळी घाट उतरून, प्रतापगडाच्या पायथ्याच्या वाडा-कुंभरोशीवरून, पोलादपूरला मुंबई-गोवा हायवेला जाऊन मिळतो. सगळा मिळून ऐंशी-नव्वद किलोमीटरचा प्रकार. तेवढ्यात देश संपतो, घाटमाथा येऊन जातो आणि कोकण सुरू होतं.

लोक त्याला महाबळेश्वर रोड म्हणतात. सरकारी कागदावर तो वर्षानुवर्षं राज्य मार्ग आहे. ओळखायचं कसं, तर कडेच्या किलोमीटरच्या दगडावरून. डोकं हिरवं असलं की राज्य मार्ग, पिवळं असलं की राष्ट्रीय महामार्ग, आणि खेड्यात प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर नारिंगी. लहानपणी एसटीच्या खिडकीतून हे दगड मोजत जायचो तेव्हा वाटायचं की रंगवणाऱ्याकडं त्या दिवशी जो डबा असेल तो त्यानं फासला.

मला बोलायचंय ते या रंगाबद्दलच. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडं एक खूळ आलंय, हिरवा दगड दिसला की त्याला पिवळा करा, दोन पदरी दिसला की चार पदरी करा, डांबरी दिसला की काँक्रीट करा. आमदाराचं भाषण बघा, खासदाराचा फ्लेक्स बघा, "अमुक रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून मंजूर" ही ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरात असते. आणि आपणही टाळ्या वाजवतो. माझं म्हणणं असं की बहुतेक छोट्या राज्य मार्गांना या बढतीची गरज नाही, त्यांना गटार काढणारा माणूस पाहिजे. हे ऐकायला फार बारीक वाटतं, पण जरा थांबा.

आधी हा रस्ता आला कुठून ते बघू, कारण त्यात बरंच कळतं. महाडचं बंदर आणि वरची वाई ही जोडी फार जुनी. मीठ, सुकी मासळी वर जायची, धान्य, गूळ, मिरची खाली यायची, बैलांच्या पाठीवर. तेव्हाची वाट ‘पार’ नावाच्या घाटाची, जावळीच्या खोऱ्यातून. १६५९ मध्ये अफझलखान वाईला तळ ठोकून बसला होता आणि तिथून तो जावळीत उतरला, म्हणजे आपण आज ज्या दिशेनं गाडी घालतो साधारण त्याच दिशेनं. इंग्रज आल्यावर महाबळेश्वर वसलं, १८२९ मध्ये गव्हर्नर माल्कमनं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा तहानं घेतली आणि तिथं माल्कम पेठ झाली. मग साहेबाला कोकणातून वर यायला चाकाची वाट पाहिजे झाली. आंबेनळी घाटाचं जुनं नाव फिट्झगेराल्ड घाट आहे ते याच काळातलं, १८६७ ते १८७२ मुंबईचा गव्हर्नर असलेल्या सेमूर फिट्झगेराल्डच्या नावावरून. म्हणजे या रस्त्याला आधी गरज होती, मग पाय पडले, मग बैल, मग चाक, आणि नंबर सगळ्यात शेवटी. कुणी ऑफिसात बसून नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारलेली नाही. नदी, चढ, पाण्याची जागा, मुक्कामाची जागा, यांनी तो रस्ता आखलाय आणि म्हणून तो इतका वाकडा आहे. आज जो माणूस "वळणं काढून टाका" म्हणतो त्यानं एकदा त्या वळणावर उतरून खाली बघावं, वळण का आहे ते कळेल.

(गंमत बघा, मराठी विश्वकोशाचं काम ज्या वाईत बसून झालं, त्या वाईला येणाऱ्या रस्त्याची साधी कुंडली मिळवायची म्हटलं तर दहा दारं हिंडावी लागतात. असो.)

आता राज्य मार्ग ही चीज कुठून आली. पुणे विद्यापीठात ज्यांच्या नावाचं ग्रंथालय आहे ते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण १९२७ साली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष जयकर होते. मोटारी वाढत होत्या, बैलगाडीसाठी केलेले रस्ते त्यांच्या चाकाखाली उखडत होते आणि जिल्ह्याच्या लोकल बोर्डाकडं पैसा नव्हता. जयकर समितीनं १९२८ मध्ये सांगितलं की हे काम आता प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या ऐपतीबाहेर गेलंय, पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा रस्त्यालाच वापरा. १९२९ पासून गॅलनमागं दोन आणे कर सुरू झाला, त्याचा सेंट्रल रोड फंड झाला. आज पंपावर आपण जो रस्त्याचा सेस भरतो त्याचा खापरपणजोबा तो. म्हणजे मूळ कल्पनाच अशी होती की जो रस्ता वापरतो त्यानं भरायचं आणि ते पैसे रस्त्यावर परत यायचे. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मग १९४३ ला नागपुरात सगळ्या प्रांतांचे चीफ इंजिनियर जमले आणि वीस वर्षांचा आराखडा केला, तो नागपूर प्लॅन. आज आपण जे राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग म्हणतो ती उतरंड तिथली, फक्त राज्याऐवजी तेव्हा प्रांत होता. यात मला सगळ्यात आवडतं ते हे की ही उतरंड मानाची नव्हती, कामाची होती. राष्ट्रीय महामार्गानं देशाच्या एका टोकाचं दुसऱ्या टोकाशी जुळवायचं, राज्य मार्गानं जिल्ह्याची ठिकाणं, मोठी गावं एकमेकांना आणि त्या मोठ्या महामार्गाला जोडायची, खालच्यांनी बाजार आणि शेत. खोड, फांदी, डहाळी असा प्रकार. फांदीला खोड करून टाकलं म्हणजे झाडाची बढती झाली असं कुणी म्हणत नाही. आपण मात्र नेमकं तेच केलंय, ही उतरंड शाळेतल्या नंबरासारखी वाचायला लागलोय, पहिला नंबर, दुसरा नंबर.

आणि खालच्या फांद्या कुणी बांधल्या? १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या आणि दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायामाणसांनी. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. मिलो ज्वारी, सुकडी आणि हातात घण. गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारा, अमुक वळणापासून तमुक ओढ्यापर्यंतचा भराव आमच्या हातचा आहे असं सांगतील. त्यातले कितीतरी रस्ते पुढं वरच्या यादीत चढले, जिल्हा मार्ग झाले, राज्य मार्ग झाले. एवढा मोठा सार्वजनिक घाम ज्या रस्त्यात मुरलाय त्यावर पाटी कसली असते, तर भूमिपूजन करणाऱ्याच्या नावाची.

नंबर बदलला की काय होतं, याचं एक नमुनेदार उदाहरण आपण सगळ्यांनी २०१७ साली बघितलं. सुप्रीम कोर्टानं १५ डिसेंबर २०१६ ला निकाल दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूचं दुकान नको, १ एप्रिल २०१७ पासून. नंतर छोट्या गावांसाठी ते २२० मीटर केलं. झालं, देशभर एकदम साक्षात्कार सुरू झाला की अरे, हा रस्ता महामार्ग नाहीच मुळी! चंदीगडनं आपले राज्य मार्ग जिल्हा मार्ग करून टाकले. आपल्याकडंही शहरांतून जाणारे रस्ते बांधकाम खात्याच्या यादीतून काढून महापालिका, नगरपालिकांच्या गळ्यात घालायची धडपड झाली, जळगावात तर लोक त्याविरुद्ध रस्त्यावर आले, कारण त्यांना साधा हिशोब कळत होता की बारचं लायसन्स वाचेल पण खड्डा कोण बुजवणार? पुढं जुलै २०१७ मध्ये कोर्टानंच सांगितलं की शहराच्या हद्दीतल्या दुकानांना ही बंदी लागू नाही, आणि साक्षात्कार ओसरला.

हे सांगायचं कारण हसवणं नाही. रस्त्याचा दर्जा बदलायला वर्षं लागतात, सर्व्हे लागतो, फाईल मुंबईला जाते असं आपल्याला कायम ऐकवलं जातं, तर ते दारूपुरतं काही आठवड्यांत कसं झालं? म्हणजे नंबर ही इंजिनियरिंगची गोष्ट राहिलेली नाही. ज्याला ज्या वेळी सोयीची त्या वेळी वर, गैरसोयीची झाली की खाली. डांबर तेच, मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जायच्या) त्याच, वळणं तीच.

आता वर जाण्याची गोष्ट. २०१४ मध्ये देशात राष्ट्रीय महामार्गांची लांबी ९१ हजार किलोमीटरच्या आसपास होती, २०२३ पर्यंत ती १ लाख ४६ हजारांच्या घरात गेली. या वाढीत नवीन रस्ते आहेतच, कुणी नाकारत नाही, समोर दिसतंय. पण मोठा भाग असा की आधीच असलेल्या राज्य मार्गाचा दगड पिवळा केला. भोर-महाडचा वरंध घाट घ्या, ताम्हिणी घ्या, चिपळूण-कराडचा कुंभार्ली घ्या, हे सगळे जुने राज्य मार्ग, आज त्यांना राष्ट्रीय नंबर आहेत. आणि नंबर कसे, तर ९६५ डीडी, ७५३ एफ, १६६ ई. २०१० मध्ये देशभराचे नंबर बदलले तेव्हा पद्धत चांगली होती, उत्तर-दक्षिण रस्त्याला सम, पूर्व-पश्चिम रस्त्याला विषम, नंबर बघून दिशा कळावी. पण फाटे फुटत गेले, मग ए बी सी पुरेना, मग डबल अक्षरं. वरंध घाटातल्या चहावाल्याला ९६५ डीडी कुठं आहे विचारा, तो तुम्हाला बसायला सांगेल आणि पाणी देईल.

नुसतं नाव बदललं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण मधल्या काळात एक भानगड झाली जी फार कमी लोकांना कळली. शेकडो किलोमीटर राज्य मार्गांना राष्ट्रीय महामार्ग म्हणून "तत्त्वतः मान्यता" मिळाली. तत्त्वतः! म्हणजे साखरपुडा झाला, लग्न नाही. राज्याचं बांधकाम खातं म्हणणार आता हा केंद्राचा, आम्ही यावर खर्च टाकला तर ऑडिटवाला विचारेल. केंद्रवाले म्हणणार अजून अधिसूचना नाही, डीपीआर म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल नाही, आम्ही कसं हात लावणार. आणि मधे दोन-तीन पावसाळे जातात. रस्ता ना माहेरचा ना सासरचा. अशा एका रस्त्यावरून मी दोन वर्षं कामाला ये-जा केलीय, कुठला ते सांगत नाही, पण खड्डे इतके पाठ झाले होते की अंधारात लाईट न लावता गेलो असतो. ऑफिसात विचारायला गेलो तर उपविभागातल्या माणसानं अगदी प्रेमानं सांगितलं की साहेब, रस्ता आमच्याकडं आहे पण हेड नाही. हेड म्हणजे लेखाशीर्ष, म्हणजे ज्या खात्यातून पैसा टाकायचा ते. रस्त्याला डोकं नाही, हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेलो नाही.

माझा मुख्य मुद्दा इथं येतो. रस्ता खराब होतो तो अरुंद आहे म्हणून नाही, पाण्यानं आणि वजनानं होतो. हे दोन्ही नीट समजून घेतलं की रुंदीकरणाची अर्धी भाषणं पोकळ वाटायला लागतात.

पाणी म्हणजे काय, तर साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली, गटार बुजलं, मोरीत माती आणि प्लास्टिक अडकलं की पावसाचं पाणी डांबरावर उभं राहतं, भेगेतून खाली मुरतं, खालची खडी-मुरूम सैल होतो आणि मग वरून ट्रक गेला की डांबराचं पापुद्रं निघतं. दुसऱ्या दिवशी वाटीएवढा खड्डा, आठवड्यात ताटाएवढा, महिन्यात त्यात म्हैस बसेल. पहिल्या दिवशी एक माणूस, एक घमेलं, एक फावडं एवढ्यात थांबलं असतं. आणि असा माणूस आपल्याकडं होता! मैलकुली म्हणायचे त्यांना. ठराविक मैलांना ठराविक मजूर, वर मुकादम, त्याच्यावर रोड कारकून. पावसाच्या आधी गटार काढायचं, पावसात मोरीवर नजर ठेवायची, पाऊस उघडला की साईडपट्टी भरायची, झाडाला चुना-गेरूचा पट्टा मारायचा, दगड रंगवायचा. त्या माणसाला आपला मैल माहीत असायचा, कुठल्या झाडाखाली पाणी साचतं, कुठला ओढा फुगतो. रोजंदारीवरचे हे लोक कालेलकर अवॉर्ड नावाच्या कामगारांच्या निवाड्याखाली कायम झाले, रिटायर झाले, आणि त्यांच्या जागा भरणं बंद पडत गेलं. आता देखभाल म्हणजे टेंडर. टेंडर निघणार दिवाळीच्या आसपास, म्हणजे पाऊस सगळं काम करून गेल्यावर. मग मंत्री तारीख जाहीर करणार, अमुक तारखेपर्यंत महाराष्ट्र खड्डेमुक्त. दरवर्षी.

गटार काढण्याचं भूमिपूजन होत नाही, खरी गोम तिथं आहे. नारळ फोडायला काहीतरी नवीन लागतं. चौपदरीकरणाला नारळ आहे, मोरी साफ करायला नारळ नाही.

दुसरं वजन. इंजिनियर लोक एक नियम सांगतात, अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी मोठी चाचणी करून काढलेला, की एक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या आसावरचं, वजन दुप्पट केलं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, सोळापट होतं. चौथ्या घातानं वाढतं. म्हणजे तुमच्या-माझ्या कारनं, स्कूटरनं रस्त्याला फारसं काही होत नाही, जे काय करायचं ते भरलेला ट्रक, डंपर आणि उसाची गाडी करते. आता २०१८ च्या जुलैत केंद्रानं ट्रकच्या एका एक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. दिसायला जेमतेम तेरा टक्के, पण चौथा घात लावून बघा, नुकसान दीडपटीच्या वर जातं. कायद्यात राहून हं, ओव्हरलोड वेगळाच. हा निर्णय झाला तेव्हा देशातल्या राज्य मार्गांची जाडी कुणी वाढवली का? नाही. ज्या रस्त्याची खालची खडी दुष्काळात हातानं फोडून बसवलीय त्यावरून आता हे जाणार. मग रस्ता फुटला की आपण म्हणणार रस्ता अरुंद आहे, रुंद करा. रुंद केला की त्यावर आणखी डंपर. जाडी आणि गटार सोडून आपण रुंदीवर भांडतोय.

इथं कुणीतरी म्हणणार, तुम्हाला काय जातंय बोलायला, ॲम्ब्युलन्स अडकते तेव्हा कळेल. बरोबर आहे, हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत पसरणी घाटात अडकलेल्या माणसाला मी वडाच्या सावलीचं कौतुक सांगितलं तर तो मला गाडीतून उतरून मारेल. घाटात दोन एसटी समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं, ही काही रम्य गोष्ट नाही. रस्ता पावणेचार मीटरचा असेल तर साडेपाच करा, साडेपाचचा असेल तर सात करा, दोन गाड्या एकमेकींना न घासता जातील एवढा, माझी काही हरकत नाही. घाटात कठडे पक्के करा, वळणावर जागा असेल तिथं रुंदी द्या, दरड येते तिथं जाळी मारा. हे सगळं "सुधारणा" या शब्दात बसतं आणि यासाठी रस्त्याचं नाव बदलावं लागत नाही.

पण सुट्टीची गर्दी ही रुंदीची भानगड आहे का? वर महाबळेश्वरात गाड्या लावायला जागा नाही, म्हणून रांग खाली घाटात येते. बाटली तेवढीच ठेवून नरसाळं मोठं केलं तर काय होणार, सांडणारच. आणि ते महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून केंद्राच्या अधिसूचनेनं इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, तिथं बाटली मोठी करता येत नाही आणि करूही नये. वर्षातल्या तीस-चाळीस दिवसांच्या गर्दीसाठी बाकीचे सव्वातीनशे दिवस तिथं राहणाऱ्यांच्या दारातून एक्स्प्रेसवे काढायचा का, हा प्रश्न आहे. राज्य मार्ग हा त्याच्या कडेला राहणाऱ्यांचा रस्ता असतो हे आपण विसरतो. पोरं त्याच्यावरून शाळेत चालत जातात, गुरं त्याच्यावरून जातात, स्ट्रॉबेरीच्या पेट्या विकायला माणूस त्याच्या कडेला बसतो. चार पदरी करून मधे दुभाजक घातला की समोरच्या शेतात जायला दोन किलोमीटर वळसा, मग लोक उलट्या बाजूनं बाईक घालतात, मग ॲक्सिडेंट, मग आपण म्हणतो लोकांना शिस्त नाही.

घाटाचं तर वेगळंच. २२ जुलै २०२१ च्या सकाळपासूनच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. आंबेनळी घाटात रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला, कित्येक दिवस बंद. सह्याद्रीची ती कातळावरची माती आहे, डोंगराची कड जितकी कापाल तितका वरचा भाग लोंबकळतो. जुन्या लोकांनी तो रस्ता डोंगराला बिलगून नेला ते मशीन नव्हतं म्हणून असेल, पण डोंगराला ते मानवलं होतं. आज जेसीबी आणि पोकलेन आहे म्हणून आपल्याला डोंगर ऐकेल असं नाही.

झाडांचं बोलू, कारण सुरूर-वाईचं रुंदीकरण म्हटलं की पहिला विषय वडांचा निघतो, आणि मग लगेच "झाडं महत्त्वाची की माणसं" असला थिल्लर प्रश्न. मला कायद्यातली एक विसंगती दाखवायचीय. २०२१ मध्ये महाराष्ट्रानं झाडांच्या कायद्यात दुरुस्ती केली, पन्नास वर्षांपेक्षा जुनं झाड म्हणजे हेरिटेज झाड, आणि ते तोडायची वेळ आलीच तर त्याच्या वयाइतकी नवीन झाडं लावायची. उत्तम कल्पना. पण तो कायदा १९७५ चा, नागरी क्षेत्रांचा. म्हणजे पुण्यात सोसायटीच्या गेटजवळचं बावन्न वर्षांचं झाड हेरिटेज, आणि हायवेच्या कडेचा गोऱ्या साहेबाच्या काळातला वड म्हणजे नुसता "अडथळा", एस्टिमेटमधली एक ओळ, बुंध्याचा घेर इतका, लाकूड इतकं. शहराची हद्द संपली की वारसाही संपतो का? ही दुरुस्ती निदान राज्य मार्गांच्या कडेच्या झाडांना लावायला कुणाचा काय विरोध असावा मला खरंच कळत नाही. वय धरून दीडशे-दीडशे झाडं लावायची म्हटली की ठेकेदारच म्हणेल, साहेब रस्ता जरा वळवूया का.

वळवता येतो, हे सिद्धही झालंय. मिरज तालुक्यात भोसे गावचा तो प्रचंड वड, चारशे वर्षांचा म्हणायचे, रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. २०२० मध्ये लोकांनी लावून धरलं, दिल्लीपर्यंत विषय गेला आणि रस्ता सरकवला. तीन वर्षांनी, जून २०२३ मध्ये, तो वड कोसळला. तेव्हा काही लोक म्हणाले, बघा, एवढं करून काय मिळालं. मला उलटं वाटलं. झाड ठेवलं म्हणजे नुसता बुंधा ठेवला असं आपण धरतो, पण वड बुंध्यावर उभा नसतो, तो मुळांवर आणि पारंब्यांवर उभा असतो, आणि पारंब्या कापून, भोवती डांबर-काँक्रीट ओतून आपण कितीतरी वड "वाचवलेले" आहेत. पुढच्या वाऱ्यात पडेपर्यंत.

आणि सावलीला पैशात किंमत नाही असं कुणाला वाटत असेल तर मेमध्ये दुपारी दोन वाजता सुरूरहून वाईला बाईकवर जा आणि मग नवीन चौपदरी हायवेवर तेवढंच अंतर जा.

मग काय पाहिजे, नुसती तक्रार का? माझी मागणी अगदी कारकुनी आहे. प्रत्येक राज्य मार्गाची कुंडली लोकांना दिसली पाहिजे. कुठला पूल कोणत्या साली बांधला, कुठली मोरी शेवटची कधी साफ केली, डांबराचा थर कधी टाकला, जाडी किती, ठेकेदार कोण, त्याची दोष दायित्वाची मुदत, म्हणजे काम खराब निघालं तर त्यानंच दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपते. ही माहिती खात्याकडं असते, मोजमाप पुस्तकात असते, नसती तर बिलं कशी निघाली असती? माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की अशी माहिती कुणी मागायची वाटच बघू नका, स्वतःहून टाका. २००५ चा कायदा आहे. ग्रामसडक योजनेच्या नारिंगी दगडाच्या रस्त्याला निदान ठेकेदारानं पाच वर्षं देखभाल करायची अट असते आणि तशी पाटी गावाच्या तोंडाला असते. गावातल्या तीन किलोमीटरच्या रस्त्याला जे जमतं ते त्याच्या दहापट वाहतूक असलेल्या राज्य मार्गाला का जमू नये?

कुंडली नसली की काय होतं हे महाडला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दिसलं. सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल पुरात गेला, दोन एसटी आणि कार गेल्या. तो राष्ट्रीय महामार्ग होता, पिवळा दगड. पुलाची तपासणी त्याच मे महिन्यात झाली होती आणि धोका नाही असं कागदावर होतं. नवीन पूल १६५ दिवसांत उभा केला, त्याचं कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे. पण अठ्ठ्याऐंशी वर्षांचा पूल आहे ही गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांना तो पडल्यावर कळली. रोज त्यावरून जाणाऱ्यांना पण. पुलाच्या तोंडाला साल लिहिलेली पाटी आणि तपासणीची तारीख एवढंच लावायला किती खर्च येतो? भूमिपूजनाच्या फ्लेक्सपेक्षा कमी.

पैशाचं म्हणाल तर जयकरांनी शंभर वर्षांपूर्वी वाट दाखवून ठेवलीय. पेट्रोल-डिझेलचा सेस आपण आजही भरतो. सुरूर-पोलादपूर रस्त्यावर फिरणारी एसटी, टेम्पो, जीप, ट्रॅक्टर सगळे लिटरमागं पैसे टाकतात. तो फंड २०१८ पासून रस्त्यांबरोबर इतर पायाभूत सुविधांनाही खुला झाला, नावातच "रस्ते आणि पायाभूत सुविधा" आलं. म्हणजे रस्त्यावर जमा होणारा पैसा रस्त्यावरच परत येईल ही मूळची अट सैल केली. ती परत घट्ट करा आणि त्यातला एक ठरलेला हिस्सा फक्त देखभालीसाठी, फक्त राज्य आणि जिल्हा मार्गांसाठी, बाजूला काढा. त्यातून मैलकुली परत आणा, आजच्या नावानं आणा, स्थानिक बचत गटाकडून आणा, कसंही, पण प्रत्येक आठ-दहा किलोमीटरला ओळखीचा एक माणूस असू द्या ज्याचा फोन नंबर पाटीवर आहे. कंत्राट द्यायचंच असेल तर खड्डा बुजवायचं देऊ नका, खड्डा पडू न द्यायचं द्या.

माझा एक मित्र, सिव्हिल इंजिनियर, हे वाचून म्हणाला की तुझ्या डोक्यात सगळं जुनं बरं आहे, तेव्हाचे रस्ते पण खराबच होते. होते ना, कबूल. सत्तर-ऐंशीच्या दशकात आम्ही ज्या धुळीतून एसटीनं गेलोय ती काय मी विसरलो नाही, पावसाळ्यात फरशी पुलावर पाणी म्हणून चार-चार तास थांबलोय. काही छोटे राज्य मार्ग खरंच मोठे करायला लागतील, जिथं एमआयडीसी आली, जिथं बंदराचा ट्रक वळला, तिथं वाहतूक मोजा आणि करा. माझी भांडणाची जागा एवढीच की आधी मोजा. आकडा दाखवा, आणि तो बारा महिन्यांचा दाखवा, सुट्टीतल्या रविवारचा नको.

परवा परत त्या रस्त्यानं गेलो होतो. वाईच्या अलीकडं एका वडाखाली किलोमीटरचा दगड आहे, अर्धा मातीत गेलेला, हिरवा रंग उडून खालचा जुना पांढरा दिसतोय, गावाचं नाव वाचता येत नाही, त्याला टेकून कुणीतरी सायकल लावली होती. शेजारी गटारात मागच्या पावसाचा गाळ तसाच, कडक झालेला, त्यावर गवत. आणि त्याच्या थोडं वर, झाडाच्या फांदीला बांधलेला, नवा कोरा फ्लेक्स, रस्त्याच्या कामाला मंजुरी मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.